साखर, दूध आणि स्मिता पाटील

स्मिता पाटील यांचे १३ डिसेंबर १९८६ रोजी मुंबईत निधन झाले. वय अवघे ३१. मुलाच्या जन्माला पंधरवडा उलटला होता, आणि बाळंतपणानंतर उद्भवलेल्या गुंतागुंतीतून त्या सावरल्या नाहीत. सारी कारकीर्द जेमतेम बारा वर्षांची. तेवढ्यात ऐंशीच्या आसपास चित्रपट, ‘भूमिका’ आणि ‘चक्र’साठी अभिनयाचे दोन राष्ट्रीय पुरस्कार, १९८५ साली पद्मश्री, आणि मराठी-हिंदीखेरीज बंगाली, गुजराती, मल्याळम, तेलुगू अशा भाषांमधले काम त्यांच्या नावावर जमा झाले होते.

अकाली गेलेल्या नटाची आठवण बहुधा त्याच्या मृत्यूभोवती घोटाळते. हॉलिवूडचा जेम्स डीन ३० सप्टेंबर १९५५ रोजी मोटार अपघातात गेला तेव्हा चोवीस वर्षांचा होता. मुख्य भूमिकेतल्या त्याच्या तीन चित्रपटांपैकी एकच तोवर प्रदर्शित झाला होता. उरलेले दोन लोकांनी मेलेल्या माणसाचे म्हणूनच पाहिले. त्यानंतर अडीच आठवड्यांनी, १७ ऑक्टोबरला, पुण्यात स्मिता पाटील यांचा जन्म झाला. हा निव्वळ योगायोग. पण दोन वारशांतला फरक त्यातून लक्षात येतो. डीनच्या पश्चात एक चेहरा उरला. स्मिता पाटील यांचाही चेहरा उरला, भिंतींवर लागला, टपाल तिकिटावर आला. मात्र त्यापलीकडे कामाचा एक सलग पट्टा शिल्लक आहे, आणि तो ज्या ग्रामीण महाराष्ट्रात नीट वाचता येतो त्यात बारामती आणि इंदापूर हे तालुके अग्रभागी येतात. हे त्यांचे गाव नव्हे. कुटुंब मूळचे धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचे. पण सहकारी साखर, सहकारी दूध, पाटबंधारे, त्यातून आलेला पैसा आणि त्या पैशातून उभे राहिलेले पुढारीपण या गोष्टी इथे जितक्या ठळक दिसतात तितक्या फार थोड्या ठिकाणी दिसतात. त्यांच्या महत्त्वाच्या चित्रपटांचा विषय वारंवार हाच आहे: संस्था उभी राहते, गाव बदलते, आणि बाई त्या संस्थेच्या उंबऱ्यावर उभी असते.

घरच्या वातावरणातही हा धागा होता. वडील शिवाजीराव पाटील स्वातंत्र्यसैनिक आणि समाजवादी चळवळीतले. पुढे ते राज्यात मंत्री झाले, राज्यसभेवर गेले आणि सहकारी साखर कारखानदारीतही त्यांनी दीर्घकाळ काम केले. आई विद्याताई समाजसेविका. स्मिता आणि त्यांच्या बहिणी राष्ट्र सेवा दलाच्या संस्कारात वाढल्या, कलापथकातून गावोगाव हिंडल्या. पुण्याच्या रेणुका स्वरूप प्रशालेतले शिक्षण आणि कलापथकातली गाणी-नाटके एवढीच काय ती त्यांची अभिनयाची शाळा. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात त्यांचा राबता होता, पण तिथे त्यांनी रीतसर प्रवेश कधी घेतला नाही. अरुण खोपकर यांच्या ‘तीव्र मध्यम’ या पदविका चित्रपटात मात्र त्या दिसल्या.

मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. त्याच्या पहिल्या काही वर्षांत स्मिता पाटील तिथे मराठी बातम्या वाचत. जीन्सवरच साडी गुंडाळून कॅमेऱ्यासमोर बसण्याची त्यांची गोष्ट इतक्यांदा सांगितली गेली आहे की तिचे आता मिथक झाले आहे. त्याहून महत्त्वाचे म्हणजे त्या काळ्यापांढऱ्या पडद्यावर एक सावळी, मोठ्या डोळ्यांची, चेहऱ्याला रंग न फासलेली मुलगी शांतपणे बातम्या वाचत होती आणि लोक बघत राहिले. श्याम बेनेगल त्यांपैकीच एक. त्यांनी १९७५ साली ‘चरणदास चोर’ आणि ‘निशांत’मध्ये त्यांना घेतले.

त्याच सुमारास जब्बार पटेल यांचा ‘सामना’ आला. जब्बार पटेल हे बालरोगतज्ज्ञ. दौंडला त्यांचे रुग्णालय होते. दौंड म्हणजे बारामती आणि इंदापूरला लागून असलेला तालुका, आणि बारामतीची रेल्वेही दौंडवरूनच येते. त्यामुळे साखरपट्ट्यातल्या गावाचे राजकारण या दिग्दर्शकाला पुस्तकांतून शिकावे लागले नसणार. विजय तेंडुलकरांनी लिहिलेला आणि रामदास फुटाणे यांनी निर्माण केलेला ‘सामना’ १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात स्पर्धेत दाखवला गेला. निळू फुल्यांचा हिंदुराव धोंडे पाटील हा साखर कारखान्यापासून शाळेपर्यंत सगळे गाव मुठीत ठेवणारा माणूस, आणि श्रीराम लागूंचा दारूडा मास्तर मारुती कांबळेचे काय झाले हे विचारत सुटलेला. स्मिता पाटील यांची भूमिका त्यात छोटी आहे, कांबळेच्या बायकोची. दोन कसलेल्या नटांच्या जुगलबंदीत ती सहज निसटून जाते. पण साखरेच्या वैभवामागे कोण गाडले गेले या प्रश्नाचे जिवंत उत्तर म्हणून हीच बाई त्या गोष्टीत आहे.

‘सामना’तले गाव काल्पनिक, पण त्याची अर्थव्यवस्था ओळखीची. नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला आणि बारामती-इंदापूरच्या एका भागात ऊस आला. वालचंद हिराचंद यांनी इंदापूर तालुक्यात १९३०च्या दशकात खाजगी साखर कारखाना काढला, त्याच्याभोवती वालचंदनगर वसले. स्वातंत्र्यानंतर माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगर असे सहकारी कारखाने उभे राहिले, पुढे इंदापुरात आणखी वाढले. सभासद, संचालक, चेअरमन, गळीत हंगाम, उचल, पहिला हप्ता, अंतिम भाव हे शब्द घराघरांत गेले. कालव्याच्या पाण्याबाहेर राहिलेला सुपे-मोरगावकडचा जिरायती भाग मात्र पावसाकडे डोळे लावूनच राहिला. सुपे हे तेच गाव, जिथे १८७५ साली सावकारांविरुद्धच्या दख्खनच्या दंग्यांची पहिली ठिणगी पडली.

हा सावकार, व्यापारी आणि कर्जात अडकलेला उत्पादक असा संबंध बेनेगलांच्या ‘मंथन’मध्ये (१९७६) दुधाच्या रूपाने येतो. ‘अमूल’चे व्हर्गीस कुरियन यांच्या प्रेरणेने निघालेल्या या चित्रपटाला गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि निर्माते म्हणून श्रेयनामावलीत त्यांचाच उल्लेख आला. पटकथा पुन्हा तेंडुलकरांची. सरकारी पशुवैद्य डॉ. राव गावात येऊन सहकारी सोसायटी काढू पाहतो, व्यापारी मिश्रा आणि सरपंच तिला सुरुंग लावतात, आणि दलित वस्तीतली बिंदू या ओढाताणीच्या मधोमध सापडते. स्मिता पाटील यांची बिंदू हा त्यांच्या कामातला कळीचा टप्पा आहे.

बिंदूमध्ये जे घडते ते आधी हिंदी पडद्यावर जवळजवळ दिसत नसे. खेड्यातली बाई म्हणजे घागर, घागरा आणि लाजणे, असा रिवाज होता. बिंदू म्हशीजवळ वावरते ती रोज धार काढणाऱ्या बाईसारखी; उकिडवी बसते, पोराला कडेवर घेऊनच भांडते, परक्या शहरी माणसाकडे संशयाने आणि थोड्या कुतूहलाने बघते. चित्रीकरणाच्या वेळी गावातल्या बायकांत बसलेल्या स्मिता पाटील पाहुण्यांना ओळखूच येत नसत, नायिका कुठे आहे म्हणून ते विचारत, अशी आठवण सांगितली जाते. पण वेश जमणे ही अर्धीच गोष्ट झाली. बिंदूच्या हालचालीत कामाचा हिशेब आहे: कुठे वाकायचे, किती बोलायचे, कोणत्या क्षणी गप्प बसले म्हणजे घर टिकेल. शेवटी तिचीच म्हैस मरते आणि तिच्याच अंगठ्याचा ठसा डॉ. राववर बलात्काराचा खोटा आरोप करणाऱ्या कागदावर उमटवला जातो. सोसायटी बाईच्या कष्टावर उभी राहते आणि बाईच्याच अंगठ्याने अडवली जाते. तेंडुलकरांनी लिहिलेली ही गाठ स्मिता पाटील यांनी बिंदूला बिचारी न करता पडद्यावर आणली, आणि म्हणूनच ती अजून बोचते.

बारामती आणि इंदापूरच्या दूधधंद्याचे चित्र गुजरातपेक्षा वेगळे आहे. इथे म्हशीपेक्षा संकरित गाय जास्त, कारण जर्सी आणि होल्स्टीन गाईंच्या पैदाशीवर इथे १९७०च्या दशकापासून भर दिला गेला. बारामतीची कृषी विकास प्रतिष्ठान ही संस्था १९७१ सालची. नंतर तालुक्याचा सहकारी दूध संघ वाढला, बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत डायनॅमिक्ससारखा मोठा खाजगी प्रकल्प आला, इंदापूर तालुक्यात ‘सोनाई’ डेअरी उभी राहिली, आणि सहकारी व खाजगी डेअऱ्यांची दरावरून चढाओढ ही रोजची बातमी झाली. जिरायती पट्ट्यात तर पीक गेले तरी दुधाच्या पगारावर घर चालते. तरीही बिंदूची जागा ओळखू येते. पहाटे गोठा झाडणारी, वैरण कापणारी, धार काढणारी बहुतेक वेळा बाई. डेअरीला दूध घालायला जाणारा, फॅट किती लागली यावर वाद घालणारा आणि बिल ज्याच्या नावावर निघते तो बहुतेक वेळा पुरुष. हल्ली बायकांच्या नावावरही खाती निघू लागली आहेत, बचतगटांनी त्यात काही फरक पाडला आहे. ‘मंथन’ पाहणाऱ्या इथल्या प्रेक्षकाला त्यातली भाषा अनोळखी वाटेल, भांडण वाटणार नाही.

उसाच्या फडात हाच प्रश्न आणखी उघडा पडतो. बीड-नगरकडून येणारे ऊसतोड जोडपे इथे ‘कोयता’ म्हणून मोजले जाते; नवरा-बायको मिळून एक कोयता, एकट्याचा अर्धा. मुकादमाची उचल घेतो तो नवरा. स्मिता पाटील यांच्या प्रमुख भूमिकांत कोयत्यावरची ही बाई नाही, आणि ही उणीव जाणवते. ‘आक्रोश’ची नागी, सत्यजित राय यांच्या ‘सद्गती’मधली झुरिया, ‘चक्र’मधली झोपडपट्टीतली अम्मा, ‘मिर्च मसाला’तली मिरचीच्या कारखान्यात दडलेली सोनबाई एवढ्या कष्टकरी बायका ज्यांनी उभ्या केल्या, त्यांच्याकडून तीही उभी राहिली असती असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

‘भूमिका’ (१९७७) वेगळ्या वाटेने याच मुलखात येतो. तो हंसा वाडकर यांच्या ‘सांगत्ये ऐका’ या आत्मकथनावर आधारलेला आहे. अरुण साधू यांनी शब्दांकन केलेले हे कथन ‘माणूस’ नियतकालिकातून आले आणि १९७० साली पुस्तकरूपाने निघाले, पुढच्याच वर्षी हंसाबाई गेल्या, तेव्हा त्या पन्नाशीच्याही आत होत्या. त्यांनी गाजवलेल्या ‘लोकशाहीर रामजोशी’चा (१९४७) नायक सोलापूरचा रामजोशी. तमाशाच्या फडातून कीर्तनाकडे वळलेल्या या शाहिराचे नाते परंपरा बारामतीच्या मोरोपंतांशी जोडते. बाबूजी नाइकांच्या आश्रयाला राहणाऱ्या या पंडित कवीने लावणीकाराच्या प्रतिभेला दाद दिली, असे सांगतात. तात्पर्य, ज्या बाईचे आयुष्य स्मिता पाटील यांनी साकारले तिची कला चैत्रातल्या जत्रा, नारायणगावच्या राहुट्यांमधून दिल्या जाणाऱ्या सुपाऱ्या आणि गावोगावच्या फडांच्या पुणे-सोलापूर मुलखाशी जोडलेली होती. हंसाबाईंचा १९५९चा ‘सांगत्ये ऐका’ पुण्यात शंभराहून अधिक आठवडे चालला. तमाशातल्या बाईवर लोक जीव टाकतात आणि तिला घर मात्र देत नाहीत, हा अनुभव हंसाबाईंनी शब्दांत मांडला होता. ‘भूमिका’त बावीस वर्षांच्या स्मिता पाटील यांनी तो किशोरवयापासून थकलेल्या मध्यमवयापर्यंत नेला. पहिला राष्ट्रीय पुरस्कार या कामाचा. अकाली गेलेल्या एका तारकेचे आयुष्य दुसरीने जगून दाखवले आणि नऊ वर्षांत ती स्वतःही गेली, या जुळणीवर पुष्कळ भावुक लिहिले गेले आहे. चित्रपट मात्र भावुक नाही.

त्याच वर्षीचा जब्बार पटेल यांचा ‘जैत रे जैत’ गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा. ठाकर समाजातली चिंधी नकोसा नवरा सोडते आणि मोहन आगाशे यांनी केलेल्या नाग्याबरोबर लिंगोबाच्या डोंगरावरच्या मधमाश्यांशी झुंजायला निघते. ना. धों. महानोर आणि हृदयनाथ मंगेशकर यांच्या गाण्यांमुळे हा चित्रपट घरोघर पोचला आणि आज तो बहुधा गाण्यांसाठीच आठवला जातो. चिंधीचे काम त्या संगीताच्या तोडीचे आहे, हे पुन्हा पाहिल्यावर पटते.

‘उंबरठा’ (१९८२) हा स्मिता पाटील यांच्या मराठी कामाचा मुकुटमणी. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ कादंबरीवर तेंडुलकरांनी पटकथा लिहिली, दिग्दर्शन जब्बार पटेल यांचे. सुलभा महाजन सुखवस्तू घरची सून; वकील नवरा, लहान मुलगी, समाजकार्य करणारी सासू. ती संगमवाडीच्या महिला सुधारगृहाची अधीक्षक म्हणून नोकरी धरते. तिथे तिला व्यवस्थापन समिती भेटते, गैरव्यवहार भेटतो, आमदाराचा दबाव भेटतो. कोंडलेल्या बायकांच्या प्रेमाकडे, वेडाकडे आणि मरणाकडे चित्रपट डोळेझाक करत नाही. दोन स्त्रियांमधल्या संबंधांना त्याने १९८२ साली जागा दिली, हे विसरता येत नाही. सुलभा राजीनामा देऊन घरी परतते तेव्हा नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी स्त्री आलेली असते. ती पुन्हा घराबाहेर पडते.

सुलभाची सासूही समाजसेविका आहे, ही गोष्ट दुर्लक्षित राहते. समाजकार्याला घराची हरकत नाही. हरकत आहे पगारी, पूर्णवेळ आणि अधिकाराच्या कामाला. समितीवर मिरवणारी बाई चालते, समितीला जाब विचारणारी चालत नाही. संस्थांच्या जाळ्यात राहणाऱ्या साखरपट्ट्यातल्या वाचकाला याचे अधिक स्पष्टीकरण नको. ७३व्या घटनादुरुस्तीनंतर, १९९३पासून, पंचायतींत स्त्रियांना राखीव जागा मिळाल्या, राज्याने ते प्रमाण पुढे ५० टक्क्यांवर नेले, आणि बाई सरपंच पण कारभार पाहणारा नवरा, हे दृश्य सर्वत्र दिसू लागले. सुलभाचा झगडा त्या आधी दशकभर पडद्यावर येऊन गेला होता. स्मिता पाटील यांनी तिला घोषणा देणारी नायिका केली नाही. तिचा चेहरा हळूहळू बंद होत जातो, आवाज खाली येतो, आणि निर्णय झालेला असतो.

स्मिता पाटील यांच्या चित्रपटांत तेंडुलकरांचे नाव वारंवार येते. ‘निशांत’, ‘सामना’, ‘मंथन’, ‘आक्रोश’, ‘उंबरठा’ आणि ‘अर्धसत्य’ या सहाही चित्रपटांच्या लेखनात ते होते. बाई आणि सत्ता यांच्यातला ताण त्यांनी लिहिला आणि स्मिता पाटील यांनी त्याला देह दिला. मराठी चित्रपटाच्या इतिहासात लेखक आणि अभिनेत्री यांची अशी सांगड फारशी सापडत नाही; दिग्दर्शकांची चर्चा करताना ती मागे पडते.

‘शक्ती’, ‘नमक हलाल’ आणि नंतरचे अनेक धंदेवाईक चित्रपट त्यांनी केले. त्यावर त्या काळी टीका झाली, आणि त्यातले बरेचसे काम आज विसरण्याजोगे आहे. परंतु ज्या प्रेक्षकाने ‘भूमिका’ कधी पाहिला नसता त्याच्यापर्यंत त्यांचे नाव याच चित्रपटांनी नेले.

मृत्यूनंतरची पहिली काही वर्षे प्रदर्शनांची होती. ‘मिर्च मसाला’ १९८७ साली आला, आणि सुभेदारावर कारखान्यातल्या बायका तिखटाचा मारा करतात तो त्याचा शेवट त्यांच्या कारकिर्दीचाच शेवट म्हणून वाचला गेला. तयार असलेले इतर चित्रपट दशक संपेपर्यंत येत राहिले. नंतर सन्मान आले. राज्य मराठी चित्रपट पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार त्यांच्या नावाने दिला जातो. २०१३ साली भारतीय चित्रपटाच्या शताब्दीनिमित्त निघालेल्या टपाल तिकिटांच्या संचात त्यांचे चित्र आहे. त्याच वर्षी शिवाजीरावांना पद्मभूषण मिळाले. ललिता ताम्हणे यांचे ‘स्मिता, स्मितं आणि मी’ हे मराठीत, तर मैथिली राव यांनी लिहिलेले त्यांचे चरित्र इंग्रजीत आले. मुलगा प्रतीक अभिनेता झाला आणि अलीकडे त्याने आपल्या नावात आईचे संपूर्ण नाव घेतले. मे २०२४मध्ये फिल्म हेरिटेज फाउंडेशनने जतन केलेली ‘मंथन’ची प्रत कान महोत्सवात दाखवली गेली आणि पाठोपाठ देशातल्या चित्रपटगृहांत आली.

पडद्यावरचा वारसा वेगळ्या ठिकाणी शोधावा लागतो. २०१६ सालचा नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ करमाळा भागात घडतो, म्हणजे उजनी धरणाच्या फुगवट्यापलीकडे, इंदापूरच्या समोरच्या अंगाला. त्याची नायिका रिंकू राजगुरू नीरेपलीकडच्या अकलूजची. आर्ची ही बडेजाव असलेल्या पुढारी पाटलाची लेक, म्हणजे एका अर्थाने ‘सामना’तल्या हिंदुरावाच्या घरातली. ती ट्रॅक्टर आणि बुलेट चालवते, आपल्या गावच्या बोलीत बोलते, आणि मेकअप नसलेल्या सावळ्या चेहऱ्यानिशी राज्यभरच्या चित्रपटगृहांत गर्दी खेचते. स्मिता पाटील यांची नक्कल त्यात कुठेही नाही. रिंकू राजगुरूचा अभिनय स्वतःच्या मातीतला आहे. मात्र असा चेहरा मुख्य नायिकेचा असू शकतो, तिची बोली हसण्यावारी न नेता ऐकता येते आणि तिच्या कथेत जात व सत्ता उघडपणे बोलता येतात, ही सवय मराठी प्रेक्षकाला बिंदू, चिंधी आणि सुलभा यांनी पस्तीस-चाळीस वर्षे आधी लावली होती. फरक इतकाच की ‘सामना’त कांबळेच्या बायकोला बोलायला फार थोडी वाक्ये होती, आणि ‘सैराट’मध्ये पाटलाची मुलगी अर्धा चित्रपट आपल्या आवाजावर चालवते. कांबळेच्या बायकोची बाजू तिच्याच तोंडून पुरेशी ऐकवण्याचे काम मराठी चित्रपटासमोर अजून आहे.